बेहड्यावरच्या मचाणाची खरी हकीकत

शिडी खांद्यावर घेऊन चौघे जण मोठमोठ्याने गप्पा मारीत निघून गेले, तेव्हा मी मचाणावर बेहड्याच्या खोडाला पाठ टेकून बसलो होतो आणि माझे डोळे मिटलेले होते. ही गोष्ट खरी आहे. माझ्याविषयी जे सांगितले जाते त्यात एवढेच काय ते खरे, म्हणून ते आधीच मान्य करून टाकतो.

बाकीचे सारे रचलेले आहे. आमच्या वनखात्यातून सेवानिवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी यवतमाळच्या एका समारंभात सांगितले की, वाघ पाहून मी बेशुद्ध पडलो आणि पाहुण्या बाईंनी मला माझ्याच पायाच्या पट्ट्यांनी झाडाला बांधून ठेवले. दुसरे एक गृहस्थ म्हणतात, वाघ आलाच नव्हता. हे दोघेही त्या दिवशी त्या जंगलात नव्हते. वाघ आला नसेल तर मी कशाला पाहून बेशुद्ध पडलो, हेही त्यांनी आपसांत ठरवलेले नाही. मचाणावर दोनच माणसे होती. त्यांपैकी एक मी.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. आज ज्याला झरी जामणी तालुका म्हणतात, त्या भागात मी रेंज ऑफिसर होतो. शिकारीचे परमिट काढून येणारे पाहुणे आम्हाला नवे नव्हते. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन येणारे मात्र नवे होते. नागपूरच्या एका कंपनीने अशा हौशी लोकांना जंगल दाखवायच्या टूर सुरू केल्या होत्या. वरून हुकूम आला की पाहुण्यांसोबत रेंजरने स्वतः बसावे.

त्या खेपेला आल्या त्या कर्णिकबाई. मुंबईच्या, पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या आणि जिभेने तिखट. दिवसाच्या उजेडात वाघाचा एक फोटो, एवढे एकच त्यांना हवे होते. आदल्या वर्षी त्या रिकाम्या हातांनी परतल्या होत्या. या वर्षी दैव त्यांच्या बाजूने दिसत होते. तांड्यावरची एक गाय वाघाने नाल्याकाठी मारली होती. याला आम्ही किल म्हणतो. वाघ पोटभर खातो, उरलेले झाकून ठेवतो आणि पुन्हा त्यावर येतो. किलसमोरच्या झाडावर मचाण बांधून त्याची वाट पाहायची, अशी ही साधी पद्धत.

मचाण बांधायचे काम सोमाकडे होते. सोमा कोलाम, जंगलात वाढलेला, कामात चपळ आणि तोंडाचा तेज. दुपारी बाईंना घेऊन मी झाडाखाली पोहोचलो आणि वर पाहिले.

"सोमा, हे काय केलंस?"

"काहून साहेब? मजबूत आहे."

"इतकं उंच कशाला?"

"मंग? ममईच्या बाईसाहेब येऊन राह्यल्या. गार्डासाठी बांधतो तसं ठेंगणं बांधलं असतं, त लोकं मले काय म्हणले असते? मांगं नागपूरच्या बॅरिस्टरसाठी बांधलं होतं, त्याच्याहून वरच घेतलं म्या."

हे वाचकांना चमत्कारिक वाटेल, पण तिकडे तशी रीत पडून गेली होती. पाहुणा जितका मोठा तितके मचाण उंच. वास्तविक दोन पुरुष उंची पुरते. त्याहून वर गेल्याने वाघ अधिक दिसत नाही, फक्त जमीन अधिक लांब जाते. हे मचाण चार पुरुष उंच होते. मचाण म्हणजे तरी काय, तर लाकडांच्या चौकटीवर बांधलेली एक बाज, भोवती पाल्याचा आडोसा.

"खाली घ्या ते," मी म्हणालो.

बाईंनी मान वर केली. "मुळीच घेऊ नका. मध्ये झुडुपं येणार नाहीत. मला पसंत आहे."

"बाई, खालून फोटो अधिक..."

"रेंजरसाहेब, फोटोचं मी बघते. तुम्हाला चढायचा कंटाळा आलाय का?"

सोमाची माणसे हसली. मी शिडीला हात घातला.

मला उंचीचे भय होते. वाघाचे नव्हते. वाघ मी पायी फिरताना अनेकदा जवळून पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी माझी नाडी जागेवर राहिली आहे. परंतु डोक्याएवढ्या उंचीवर जरी पाय टेकला, तरी माझे तळहात भिजत आणि जमीन डोलत डोलत वर येते आहे असे वाटे. हे भय बुद्धीचे ऐकत नाही. आता कोणी म्हणेल, तसे बाईंना सांगून टाकायचे होते. ज्याने कधी युनिफॉर्म घातला नाही, त्याने असे जरूर म्हणावे.

शिडी दोन शिड्या एकीला एक जोडून केलेली होती, कारण एक पुरली नव्हती. तो सांधा खात्याच्या चांगल्या सणाच्या, म्हणजे वाखाच्या, दोराने आवळलेला होता. सगळा चांगला दोर तिथेच संपला. मचाणाच्या वाट्याला झाडाची ओली साल सोलून केलेले दोर आले. ओली साल उन्हात वाळली की बारीक होते आणि गाठ सैल पडते. हे मला खालून दिसले नाही. वर पोहोचल्यावरही लगेच दिसले नाही, कारण तेव्हा मी कशाकडेच पाहत नव्हतो.

पाहुणे बसले की शिडी काढून नेतात. नेणारी माणसे मुद्दाम मोठ्याने बोलत जातात. जवळ दडलेल्या वाघाला वाटावे की आलेली सगळी माणसे परत गेली. ती माणसे लांब थांबतात आणि शिट्टी ऐकली की शिडी घेऊन येतात. तोवर वरच्या माणसाला जमीन नाही.

बराच वेळ काही झाले नाही. ऊन सागाच्या उघड्या फांद्यांवर तिरपे आले. मग करकर असा आवाज झाला आणि बाईंचा थर्मास आपणहून घरंगळत बाजेच्या बाहेरच्या काठाला गेला.

मी डोळे उघडले. बाज कलली होती. बाहेरच्या एका कोपऱ्याचे सालीचे वेढे लाकडाच्या टोकाकडे सरकले होते आणि एक वेढा सुटून लोंबत होता. तो कोपरा गेला असता, तर बाज सुपासारखी उलटून आम्ही दोघे खाली पडलो असतो. बाई त्याच कोपऱ्याशी बसल्या होत्या.

"बाई," मी कुजबुजलो, "हळूहळू माझ्याकडे सरका. हातांवर भार घ्या."

"मी हलले की ते खाली जातंय हो."

"जाऊ द्या. थांबून थांबून सरका."

त्या सरकत सरकत खोडाशी आल्या.

"शिट्टी मारा ना," त्या म्हणाल्या.

मी शिट्टी ओठांना लावली आणि नाल्यापलीकडे वानर खेकसले. एकदा, पुन्हा, मग सारखे. याला आम्ही कॉल म्हणतो. झाडावरच्या वानराला वाघ दिसला की तो असे ओरडून जंगल जागे करतो. वाघ नाल्यात उतरला होता. माणसांची वाट त्याच नाल्यातून होती. मी शिट्टी का मारली नाही, असे विचारणारे यवतमाळात पुष्कळ आहेत. त्यांना मी विचारतो, खांद्यावर शिडी असलेल्या चार निःशस्त्र माणसांना तुम्ही किलवर येणाऱ्या वाघाच्या तोंडी बोलावले असते काय?

मी शिट्टी खिशात ठेवली आणि पायाच्या पट्ट्या सोडल्या. त्या काळी आमच्या युनिफॉर्ममध्ये पोटऱ्यांना गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या असत. चांगल्या लांब आणि घट्ट विणीच्या.

"ही एक मी कोपऱ्याला बांधतो," मी म्हणालो. "दुसरी माझ्या बेल्टमधून ओवा, खोडाला एक वेढा द्या आणि दोन्ही टोकं हातात धरा. मी पुढे सरकलो की थोडी थोडी सोडा. मी घसरलो तर सोडायची नाही."

"तुम्ही जाणार? मघापर्यंत तर तुमचे डोळे मिटलेले होते."

"तुमच्यापेक्षा माझं वजन कमी आहे, बाई."

"ते खरं," त्या म्हणाल्या, आणि पट्टी ओवायला लागल्या.

तर बांधले ते असे. माझ्या सांगण्यावरून आणि कामासाठी.

मी पोटावर पडून कोपऱ्याकडे सरकलो. पट्टी लाकडाखालून घ्यायची तर डोके बाजेच्या बाहेर काढून खाली पाहणे भाग होते. मी पाहिले. जमीन वर यायला लागली. एक वेढा घातला, आवळला. दुसरा घातला. तिसऱ्यासाठी पट्टीचे टोक दातात धरून हात खाली घातला, आणि पाचोळा वाजला.

वाघ झाडाखालून चालत गायीकडे गेला.

मी होतो तसाच राहिलो. पाहुण्यांना मी शिकवीत असे की मचाणावर पापणीसुद्धा हलवू नये. आता डोके बाहेर लोंबते, दोन्ही हातांनी लाकूड कवटाळलेले, पट्टी दातात आणि डोळ्यांसमोर थेट चार पुरुष खालची जमीन, अशा स्थितीत मला तो नियम पाळायचा होता. डोळे मिटले की भोवळ वाढत होती. उघडले की जमीन उसळत होती. कमरेला पट्टीचा ताण जाणवत होता. दुसरे काहीच धरायला नव्हते, म्हणून मी नजर वाघावर धरली. त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर, मानेवर, कानांवर. तो खाऊ लागला. मी त्याच्याखेरीज कशाकडेही पाहिले नाही आणि काही वेळाने जमीन उसळायची थांबली. त्याच्या डाव्या कानाला चीर गेलेली होती. बेशुद्ध माणसाला वाघाच्या कानाची चीर दिसते काय, हे त्या गृहस्थांनी सांगावे.

तेवढ्यात दुसरीच धास्ती मनात आली. उजेड उत्तम होता. वाघ उघड्यावर होता. कॅमेरा बाईंच्या गळ्यात होता. ज्यासाठी त्या दोन वर्षे मुंबईहून येत होत्या, ते समोर बसून खात होते. एक हात सोडला की काम झाले असते. मी कॅमेऱ्याच्या खटक्याची वाट पाहू लागलो, आणि त्याआधी पट्टी सैल पडण्याचीही.

खटका वाजला नाही. पट्टी सैल पडली नाही.

सालीचा उरलेला एक वेढा तटकन तुटला. कोपरा बोटभर खचून माझ्या दोन वेढ्यांवर थांबला. वाघाने तोंड वर केले. वाघ सहसा वर पाहत नाही. याने पाहिले. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. मग तो उठला, गायीला वळसा घातला आणि काही घाई नसल्यासारखा झुडुपांत गेला.

मी तिसरा वेढा घातला, गाठ मारली आणि सरकत मागे आलो. बाईंनी दोन्ही टोके तळहातांना गुंडाळून घेतली होती आणि बोटे काळीनिळी झाली होती. ती उलगडायला त्यांना जमेना, मलाही जमेना. खोडाभोवतीचा वेढा ताणाने रुतला होता.

"बाई, फोटो घ्यायचा होता," मी म्हणालो.

"गप्प बसा," त्या म्हणाल्या.

वानर शांत होऊन बराच वेळ गेला, तेव्हा मी शिट्टी मारली. माणसे टेंभे पेटवून, डबे वाजवीत आली. सोमा शिडीवरून पहिला वर आला आणि टेंभ्याच्या उजेडात त्याला झाडाला बांधलेला रेंजर दिसला.

"अरे बापा! साहेब, बाईनं तुमाले गोऱ्ह्यावानी बांधून काहून ठेवलं?"

खाली हशा पिकला. यवतमाळपर्यंत पोहोचलेली कथा एवढ्या एका वाक्यातून जन्मली आहे.

"आधी तो कोपरा बघ," मी म्हणालो.

त्याने कोपऱ्याकडे टेंभा धरला. तुटलेली साल हातात घेऊन पाहिली. हसू गेले.

"साहेब, सणाचा दोर शिडीले लागला जी. म्या त बाईसाहेबाचा मान..."

"मान खाली पडला असता, सोमा. बाईंसकट."

त्याने पट्टी कापली. आधी बाई उतरल्या. मग मी उतरलो. मला टोपलीत बसवून उतरवले, असेही एक जण सांगत असतो. जोडशिडीवरून, एकेक पाय टाकीत, मी स्वतः उतरलो. पायऱ्यांवरचे पाय माझेच होते.

दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याच्या रेस्ट हाउसवर कंपनीचा मॅनेजर आला. बाई पुन्हा फोटोवाचून निघाल्याचे कळून तो माझ्याकडे रागाने पाहू लागला.

"मॅडम, वाघ आला नाही का?"

"आला होता."

"मग रेंजरसाहेबांनी काही गडबड केली?"

"नाही."

"उजेड नव्हता?"

"भरपूर होता."

"मग फोटो का नाही घेतला?"

कर्णिकबाईंनी मलम लावलेले हात पदराखाली घेतले.

"हात मोकळे नव्हते," त्या म्हणाल्या, आणि मोटारीत जाऊन बसल्या.

वाघ आला नव्हता म्हणणाऱ्यांची सारी इमारत त्या नसलेल्या फोटोवर उभी आहे. तो फोटो असता, तर माझ्याविषयी बोलायला मीच उरलो नसतो.

माझे भय त्या दिवशी गेले नाही, आजही ते आहे. त्यानंतर माझ्या रेंजमध्ये दोन पुरुषांहून उंच मचाण बांधू द्यायचे नाही आणि पाहुणा चढण्याआधी प्रत्येक गाठ मी स्वतः वर जाऊन ओढून पाहायची, असा नियम मी केला. नियमाचा दुसरा भाग मी स्वतः पाळला, पहिला मात्र इतरांकडून पाळून घेणे सोपे गेले नाही. मोठ्या पाहुण्याला खालचे मचाण दिल्याने त्याचा अपमान होत नाही, हे सोमाला पटवता पटवता माझी बदली झाली.