पोट्ट्याचा गुडघा

नातीच्या गुडघ्याची गोष्ट घरात फक्त मला ठाऊक होती, आणि तिनं मला तिच्या गळ्याची शपथ घातली होती. दिवाळीच्या सुट्या लागलेल्या. रविवारी अकोल्याला विभागाच्या कबड्डी संघाची निवड, आणि इकडे अमरावतीत आमच्या घरात ही पोरगी कठड्याला धरून एकेक पाय सांभाळत जिना उतरायची. आईबाप समोर आले की ताठ. त्यांची पाठ फिरली की तोंड असं, जसं कडू कारलं चावलं. सरावात कोणीतरी अंगावर पडली आणि गुडघा आत वळला, एवढंच तिनं मला सांगितलं.

"माह्या गयाची आन हाय आजी. कोनाले बोलली त पाह्य."

सरावाला सुटी आहे, असं तिनं घरी ठोकून दिलं आणि दिवसभर त्या गेमसमोर बसायला लागली. मागल्या वर्षी तिचा मामेभाऊ अमेरिकेहून आला होता, तो जाताना हा खेळाचा डबा देऊन गेला. टीव्हीला जोडायचा आणि हातात रिमोट धरून माणसं पळवायची. खेळ म्हणे फुटबॉल, पण चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबुडका आणि पाय क्वचितच लावायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, लग्नात जेवायला धावलेली माणसं आहेत. मग नातीनं समजावलं: चार वेळा संधी, तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. वाद झाला तर साखळी आणून मोजणी.

"म्हणजे धुराच कोरते ना हे!" मी म्हटलं. शेजारी दरवर्षी नांगर थोडा थोडा आत घालून आपला धुरा, म्हणजे शेताचा बांध, खातो आणि मग मोजणीवाला बोलवावा लागतो, त्यात माझं सगळं आयुष्य गेलं. त्या दिवसापासून मला तो खेळ मुखपाठ झाला. आमचा खेळाडू चेंडू घेऊन पळणारा. त्याचं नाव आम्ही पोट्टा ठेवलं. पोट्टा पडला की मी इकडून शिव्या द्यायची, त्या अमेरिकेत ऐकू जात नव्हत्या तेच बरं.

यंदा गेमची नवी आवृत्ती आली आणि त्या पोट्ट्याच्या जन्माचा सगळा नकाशाच बदलला. आधी नुसते सामने असायचे, एक संपला की दुसरा. आता त्याला शाळेपासून वाढवायचं. मोठ्या कॉलेजांची माणसं शाळेच्या सामन्याला येऊन बसतात, कोणाला घ्यायचं ते पाहतात. मधल्या दिवसांत पोट्ट्याला फोन येतात, आईचे, पेपरवाल्याचे, कोचचे. उलट बोलला तर कोचचा भरवसा कमी होतो, आणि तो भरवसा एका पट्टीत दिसतो, थर्मामीटरसारखा. आमच्या काळी सासूचा भरवसा असा पट्टीत दिसला असता तर मी किती चुका वाचवल्या असत्या!

सगळ्यात वाईट म्हणजे अंगाचा नकाशा. खांदा, घोटा, गुडघा, सगळं वेगवेगळं रंगवलेलं. आधी हिरवं, मग पिवळं, मग लाल. एका सामन्यात लागलं की पुढच्या सामन्यातही ते तसंच राहतं. पोट्ट्याचा उजवा गुडघा पिवळा झाला होता. नातीचाही उजवाच. मी नुसती पिवळ्या ठिपक्याकडे पाहायची, आणि ती मी पाहते आहे हे पाहायची.

शनिवारी दुपारी सून फराळाचा डबा घेऊन भातकुलीला माहेरी गेली, मुलगा कामावर. पोट्ट्याचा शाळेतला मोठा सामना होता. कॉलेजवाले येऊन बसलेले, पडद्यावर त्यांच्या टोप्या दिसत होत्या. नातीचा अंगठा रिमोटवर टकटक करत होता.

पोट्टा चेंडू घेऊन घुसला आणि चार जण त्याच्यावर कोसळले. शिट्टी झाली. ढीग उठला, पोट्टा सगळ्यात शेवटी, गुडघा धरून. पडद्यावर डॉक्टर आला आणि खाली दोन चौकटी उघडल्या.

"बाहेर बसवू का खेळू देऊ, असं विचारून राहिला," नात म्हणाली. "बसवला त कोचचा भरवसा जाते. अन् ते टोपीवाले उठून जातीन."

"मग?"

"उभा त झाला बिचारा. खेळून राहिला. काय करू? लवकर सांग, टाइम संपून राहिला!"

मी हात हलवत ओरडले, "राहू दे! राहू दे वं माय!"

तिनं बटण दाबलं. आणि पोट्टा पुन्हा रेघेवर जाऊन उभा राहिला.

"अव काय केलं?" म्हणेपर्यंत चेंडू त्याच्या हातात आला होता. तो डावीकडे गेला, उजवीकडे वळला, आणि कोणाचाही धक्का न लागता तो खाली बसला. नुसता बसला. अंगाचा नकाशा आला. गुडघा लाल. या हंगामापुरता पोट्टा संपला होता, आणि कॉलेजांच्या यादीतली नावं एकेक करून फिकी पडत गेली.

"तूच म्हटलं राहू दे!"

"राहू दे म्हणजे सोड! बस झालं! बाहेर काढ त्याले!"

"मी म्हटलं खेळून राहिला. तू म्हटलं राहू दे. म्हणजे खेळून राहू दे, नाई त काय?"

आमच्या वऱ्हाडात माणूस जेवत नसतो, जेवून राहतो, झोपून राहतो, रडून राहतो, मरेपर्यंत काहीतरी करूनच राहतो. मी नको म्हणाले होते, आणि माझ्याच भाषेत तिला हो ऐकू गेलं.

"मागं ने ना सामना. पह्यलेसारखा."

"जात नाई. या वर्षीपासून जातच नाई. आपोआप लिहून घेते सगळं."

तिनं डबा बंद करून पुन्हा लावला, तरी गुडघा लालच. मग टीव्हीकडे पाहतच ती म्हणाली, "उद्या मी खेळीन."

आता शब्द तोलून वापरायची पाळी माझी होती. "खेळू नको," मी म्हटलं. "नको. न, को."

"तू त पातूरच्या लग्नात सुजलेल्या पायानं पंगती वाढल्या ना? साऱ्या दुनियेले सांगत फिरते."

हे खरंच होतं. लग्न होऊन अकोल्याच्या जुन्या शहरात आले तेव्हा मी स्वतःला फार मोठी चीज समजायची. पातूरला नणंदेचं लग्न होतं, त्याच्या आदल्या दिवशी पाय मुरगळला, पपईएवढा झाला, पण बाईसाहेब बसायला तयार नाहीत. कशासाठी? तर आत्यासासूनं एकदा म्हणावं, सून चिवट आहे. म्हणून ही ठुमकत ठुमकत बुंदी वाढते आहे, जसा काही तिच्यावाचून मांडवच कोसळणार होता! एवढी गोष्ट मी घरोघरी सांगितली. पुढची कधी सांगितली नव्हती, ती त्या दुपारी सांगितली. नंतर महिनाभर मी खाटेवर पडले होते, आणि तीच आत्यासासू भेटायला आली तेव्हा माझ्या देखत सासूला म्हणाली, "पोरगी लंगडी देल्ली वाटते तुमाले."

एरवी नात खो खो हसली असती. ती म्हणाली, "ते येगळं," आणि आत गेली.

रविवारी मुलानं आम्हाला गाडीनं अकोल्याला नेलं. "आई, तू काहून येऊन राहिली? ऊन हाय," तो म्हणत होता. मी बाहेर पाहत बसले. नातीनं ट्रॅकपँटच्या आत गुडघ्याला पट्टा बांधला होता, बसताना त्याचा फुगवटा दिसला, आणि तिनं ओढणी त्यावर टाकली. तोंड उघडलं तर शपथ मोडते, नाही उघडलं तर गुडघा. सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. प्रत्येक गाव मागे गेलं की वाटायचं, पुढच्या गावाला सांगू. अकोल्यात मोर्णेचा पूल आला आणि गावंच संपली.

मैदानावर पोरी रांगेत बसल्या. निवड करणाऱ्या मॅडमनं विचारलं, "कोनाले काही लागलं असन त आत्ताच सांगा." नातीनं मान खाली घातली. मग तिचं नाव पुकारलं. ती उठली, रेघेपर्यंत गेली, वाकून मातीला हात लावला. मी अर्धी उठले. मुलगा म्हणाला, "काय झालं?"

ती रेघेवर उभी राहिली. समोरच्या पोरी एकमेकींचे हात धरून तयार. आणि मग ती वळली आणि सरळ मॅडमकडे चालत गेली.

"मॅडम, मले खेळवू नका. गुडघ्याले लागलं."

"केव्हा?"

"लय दिवस झाले."

मॅडमनं तिथंच ट्रॅकपँट वर सरकवून पट्टा सोडला. मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तुले मालूम होतं?"

"आन घातली होती तिनं."

"दोघी बी!" एवढंच म्हणून तो धावला.

डॉक्टरनं तिला कित्येक आठवडे आराम सांगितला. संघ तिच्याविना निवडला गेला. येताना गाडीत ती मला सोडून पुढे बापाशेजारी बसली, आणि घरी आल्यावर बरेच दिवस तिनं गेमला हात लावला नाही. चूक कोणाची, मॅडमची, पट्ट्याची, माझ्या राहू देची, याचा हिशेब तिच्या डोक्यात काय चालला होता कोण जाणे.

मग एक दिवस तिनंच गेम लावला. पोट्टा बाकावर बसलेला. त्याला रोज पाय उचलण्याचा व्यायाम करवायचा, नाहीतर एक बटण दाबून सगळे आठवडे पुढे ढकलायचे, अशी ही आणखी एक नवी सोय. मला सामन्याची तलप आलेली.

"ढकल ना वं ते आठवडे."

"नाई."

"काहून? काय पाहायचं त्या बसलेल्यात?"

"तुले काय घाई हाय?" तिनं उशी ओढून स्वतःच्या गुडघ्याखाली घातली.

तेवढ्यात फोन वाजला. निवडलेल्या संघाचा फोटो होता, तिच्या जागी घेतलेली पोरगी दुसऱ्या रांगेत हसत उभी. नातीनं तो बराच वेळ पाहिला, फोन गादीवर उलटा ठेवला, आणि पोट्ट्याबरोबर स्वतःचाही पाय उचलला.