साडेपाच म्हणजे साडेपाच

घाटकोपरच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात बाबांनी मला अडवलं आणि फोनची वेळ ठरवली. खाली टॅक्सीत सुधीर, माझा नवरा, घाई करत होता. आई दारात पदराने डोळे पुसत होती. आणि बाबा मनगटावरच्या चावीच्या घड्याळाकडे बघत होते. पंच्याऐंशी सालचा मे महिना, लग्न होऊन मी इंग्लंडला, लेस्टरला निघाले होते. दुसऱ्या कुणाच्या बापाने डोक्यावरून हात फिरवला असता. माझ्या बापाने सांगितलं, "रविवारी साडेपाच. साडेपाच म्हणजे साडेपाच." मला रागच आला होता तेव्हा.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. आमच्याकडे फोन नव्हता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, फोन तळमजल्यावर कांताबेन शाहांकडे. तुम्ही जे तेव्हा बाहेर गेलात त्यांना ठाऊक आहे, शेजारच्यांच्या नंबरवर किती संसार चालायचे. रविवारी पावणेसहाला टीव्हीवर पिक्चर लागायचा आणि अर्धी इमारत कांताबेनच्या फरशीवर मांडी घालून बसायची. त्याच्या आधी आपलं बोलणं उरकावं, लोकांना तसदी नको, एवढंच बाबांच्या मनात.

बाबा मूळचे मालवणकडचे, कुर्ल्याच्या गिरणीत तीस वर्षं. भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले, एक दिवस लेट नाही. संपानंतर गिरणी गेली, भोंगा गेला, छातीतला कापूस तेवढा राहिला. तरी पहाटे पहिल्या पाळीच्या वेळेला उठून बसायचे. ते सांगायचे, आजोबांच्या काळी मुंबईची वेळच वेगळी होती, आताच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे. वरून हुकूम आला तसे काटे पुढे ढकलले आणि माणसं अंधारात कामाला निघाली. आजोबांनी म्हणे जन्मभर त्या मिनिटांवरून शिव्या घातल्या. मी हसायचे. घड्याळावरून कुणी एवढं चिडतं का, म्हणायचे.

लेस्टरमध्ये मी होजिअरीच्या फॅक्टरीत ओव्हरलॉकचं मशीन चालवायला लागले. शेजारच्या मशीनवरच्या बायका सगळ्या गुजराती, आणि कांताबेनच्या कृपेने मला गुजराती फाडफाड येत होतं, त्यामुळे तिथे माझं झकास जमलं. आठवडाभर कुणीही काहीही बोलो, रविवारी दुपारचा एक वाजला की मी फोनशी. तिकडे साडेपाच. बाबा सव्वापाचलाच खाली उतरून फोनजवळच्या स्टुलावर बसलेले असायचे. पहिलं वाक्य ठरलेलं: "थंय किती वाजले गो?" मी म्हणायचे, इकडे एक. मग ते विचारायचे, म्हणजे ऊन असेल, म्हणजे जेवायची वेळ, जेवलंस काय? माझा अख्खा दिवस ते त्या एका प्रश्नातून बघून घ्यायचे.

मग आला तो मेला ऑक्टोबर. रविवारी सकाळी मी उठायला गेले तर सुधीर म्हणाला, झोप गं, आज घड्याळ मागे गेलंय, एक तास फुकटचा मिळालाय. पहिल्यांदाच ऐकत होते मी. सरकार तास फुकट देतं म्हणून हसले आणि पांघरूण ओढून पुन्हा झोपले. किती छान झोपले, ते अजून आठवतं. दुपारी भात टाकला, आणि आमच्या घड्याळात एक वाजल्यावर फोन लावला.

फोन कांताबेननी उचलला. मागे पिक्चरमधलं गाणं चाललेलं. काका वर गेलेत, बोलावते, म्हणाल्या. मी रिसीव्हर कानाला लावून उभी. मला गाणं ऐकू येत होतं ना? साडेपाचला पिक्चर कसा चालू असेल, एवढा साधा विचार नको का यायला? नाही आला. बाबा आले ते धापा टाकत. मी सुरूच झाले. "बाबा, गिरणीत कधी लेट गेला नाहीत आणि माझ्या फोनला वर जाऊन बसलात?"

ते म्हणाले, "चुकला गो माझा." मग श्वास घेतला आणि विचारलं, "थंय किती वाजले?"

"एक! दर रविवारी एकच वाजलेला असतो!"

"बरां," ते म्हणाले. मग, जेवलंस काय. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. गुरुवारी बाबा गेले. छातीनेच गेले, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मला तार मिळाली तेव्हा तिकडे सगळं उरकलेलं होतं.

पुढच्या मे महिन्यात मी घाटकोपरला गेले तेव्हा आईने सगळं सांगितलं. त्या रविवारी बाबा नेहमीसारखे सव्वापाचला खाली जाऊन बसले. साडेपाच झाले, पावणेसहा झाले, पिक्चर लागला, घर माणसांनी भरलं. कुणीतरी म्हणालं, काका, जरा स्टूल सरकवा, दिसत नाही. ते सरकले. आणखी सरकले. चक्क एक तास त्या गर्दीत भिंतीला चिकटून बसले आणि शेवटी दोन मजले चढून वर आले. वर टेकले न टेकले तोच फोन आल्याची हाक आली, आणि ते पुन्हा उतरले.

मी आईवर ओरडले, मग सांगायचं नाही का मला? आई म्हणाली, अगं, त्यांनीच गप्प केलं. सगळ्या घाटकोपरात साडेसहा वाजले होते, समोर पिक्चर लागून पाऊण तास झाला होता, तरी यांचं आपलं एकच, पोरीकडे एक वाजला म्हणजे आपल्याकडे साडेपाचच: "चेडू विलायतेतसून सांगता, ता खोटा कशाक सांगात?" दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या घड्याळजीकडे गेले. तो म्हणाला, घड्याळ बरोबर आहे. ऐकेनात. घरी येऊन स्वतःच्या हाताने काटे एक तास मागे घेतले. पुढल्या रविवारी चूक व्हायला नको म्हणाले.

आईने ते घड्याळ माझ्या हातात ठेवलं. रोज सकाळी ती चावी देत होती, काट्यांना तिने हात लावला नव्हता. घरच्या भिंतीवर अकरा वाजले होते, बाबांच्या घड्याळात दहा. मी तिथेच फरशीवर बसले. तीस वर्षांत एकदाही लेट न झालेला माणूस आपणच चुकलो असं समजून गेला, आणि तसं त्याला समजावलं मी. कुठल्या तरी थंड देशातल्या शहाण्यांना उन्हाळ्यात संध्याकाळ लांब हवी होती, म्हणून. अरे, ऊन काय तुमच्या खुंटीवर टांगलंय?

आता माझा मुलगा निखिल तिशीचा आहे. परवा टॅबलेट घेऊन आला. आई, यावर सही कर, म्हणाला. अख्ख्या जगाला एकच घड्याळ ठेवा, घड्याळं मागेपुढे करणं बंद करा, देशोदेशीच्या वेगळ्या वेळाही बंद करा, अशी मागणी. मला वाटत होतं, सगळ्यात पहिली सही तूच करशील, म्हणाला. मी म्हटलं, मागेपुढे करणं बंद करा यावर दहा सह्या घे माझ्या. ते थेर देवनारच्या कचऱ्यात नेऊन टाका. पण देशोदेशीच्या वेळा बंद करण्यावर मी सही करणार नाही. तो म्हणाला, अगं, सगळीकडे एकच वेळ असती तर आजोबांचा फोन चुकला नसता ना. बरोबर आहे त्याचं. आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. सगळीकडे सारखेच वाजले असते तर बाबांनी मला काय विचारलं असतं? त्या माणसाला ना इंग्लंड ठाऊक, ना लेस्टर. माझ्याकडची वेगळी वेळ तेवढी ठाऊक होती, आणि तिला धरून तो दर रविवारी माझ्यापर्यंत यायचा. निखिलला हे पटलं नाही. नसू दे.

आई गेली, घाटकोपरची इमारत पाडून तिथे टॉवर झाला. आपलं घर कुठे, असं कुणी विचारलं की पूर्वी मी पत्ता सांगायचे. आता माझ्याकडे ते घड्याळ आहे. ते भारताची वेळ दाखवत नाही आणि इंग्लंडचीही नाही. माझ्या एका फोनसाठी बाबांनी लावलेली वेळ आहे ती, जगात दुसरं कुणी ती पाळत नाही. मी रोज चावी देते, काट्यांना हात लावत नाही.

आणि दर ऑक्टोबरात त्या रविवारी घरातली सगळी घड्याळं मागे जातात, सुधीर कूस बदलून झोपतो. मी उठते. स्वयंपाकघरात फोनजवळ एक स्टूल आहे, त्यावर जाऊन बसते. चहा नाही, रेडिओ नाही. सरकार दर वर्षी मला तो तास परत करतं, आणि दर वर्षी तो मी बाबांसारखा भिंतीला टेकून बसून काढते. त्या तासात मी पुन्हा कधी झोपले नाही.