पेन्सिलने भरलेला फॉर्म

रमाकांत तांबे कुठलाही फॉर्म आधी पेन्सिलने भरायचा. रेशनकार्ड असो, मुलीचा कॉलेजप्रवेश असो किंवा आमच्या कांदिवलीच्या सोसायटीतल्या कुणाचं पेन्शनचं काम असो. आधी बारीक टोकाची पेन्सिल, दोन दिवसांनी पुन्हा वाचन, मग शाई, आणि शाई वाळल्यावर रबर. कुणी घाई केली की म्हणायचा, "खोडायची सोय ठेव रे. शाई काय, कधीपण फिरवता येते."

तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा, मी दुसऱ्या. तो एका औषध कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर, मी हिशेब तपासणारा. वीस वर्षं रविवारचा चहा आम्ही एकत्र घेतला.

अशाच एका रविवारी तो गंभीर आजाराच्या विम्याचा फॉर्म घेऊन आला. "नाईक, तुझं डोकं आकड्यांचं. घेऊ की नको, तू सांग. तू हो म्हणालास की शाई."

मेडिक्लेम त्याच्याकडे होता, पण तो हॉस्पिटलचं बिल भरतो. त्याचा मोठा भाऊ कॅन्सरने गेला, तेव्हा पगार थांबल्यावर घराचं काय होतं ते तांबेने पाहिलं होतं. हा विमा निदान होताच ठरलेली रक्कम हातात देणार होता. मुलगी नुकती कॉलेजात गेली होती.

एजंट म्हणाला होता, "भावाचं लिहू नका साहेब, उगाच प्रश्न निघतात."

"भाऊ होता माझा," तांबे म्हणाला. "आता फॉर्ममधून पण घालवू काय त्याला?" आणि त्याने भावाचं वय, आजार, सगळं पेन्सिलने लिहिलं.

मी अटी वाचायला घेतल्या. पहिले नव्वद दिवस संरक्षण नाही. निदानानंतर रुग्ण तीस दिवस जगला पाहिजे. काही आजार सुरुवातीच्या टप्प्यात असतील तर रक्कम नाही. सुरुवातीचा टप्पा नेमका कुठवर, हे मला कळेना. मी तीन कंपन्यांचा तक्ता केला, खुलासा मागणारी मेल पाठवली, मग स्मरणपत्रं पाठवली. तांबे दर रविवारी विचारायचा, "काय रे, शाई?"

"थांब ना. उत्तर येऊ दे."

"थांबतो. तू थांब म्हणतोस म्हणजे काहीतरी असेल."

खुलासा आला, तो घेऊन मी सोळाव्या रविवारी वर गेलो. तांबे चपाती चहात बुडवून खात होता. चार दिवस घास अडकत होता म्हणे. मी म्हणालो, "फिरव शाई." त्याने फॉर्मवर बोट ठेवलं. "इथे विचारलंय, सध्या काही त्रास आहे का. आता 'नाही' कसं लिहू?"

मी घरी येऊन कॅलेंडर मोजलं. पहिल्या रविवारी सही झाली असती, तर नव्वद दिवस पंधरवड्यापूर्वीच पुरे झाले असते. हे मी कुणालाच सांगितलं नाही. तपासणीत अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. निदानानंतर तो सहा महिने जगला, म्हणजे ती तीस दिवसांची अटही पुरी झाली असती. शेवटी आवाज बसला होता, तरी हॉस्पिटलमध्ये मला म्हणाला, "तक्ता मात्र झकास केला होतास हां." मी त्याची उशी सरळ केली.

तो गेल्यावर महिन्याने वहिनी एक पाकीट घेऊन आल्या. "भावोजी, ह्यांनी दोन फॉर्म आणले होते. एक तुमच्या नावाचा भरून ठेवला होता. म्हणाले होते, माझं झालं की नाईकला देतो, नाहीतर तो स्वतःसाठी वर्षभर अटी वाचेल."

बारीक पेन्सिल. माझ्या वडिलांना हृदयविकार कितव्या वर्षी झाला, ते मलाही चटकन आठवलं नसतं. त्याने लिहिलं होतं, एकसष्ट. सहीच्या जागी छोटी फुली.

बायको विचारते, "काय ठरलं मग?" अटी मला पाठ आहेत. खुलासाही फाइलला आहे. फक्त शाई फिरवली की तांबेचं अक्षर खोडावं लागेल. त्यासाठी रबर त्याने पाकिटातच ठेवलं आहे.

पाकीट आल्याला आज आठवा रविवार.