पत्र्यावरची खारी

धावडा गावात माळवदं होती तोवर पुंजारामला मान होता. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर खारी माती, असं ते छप्पर. ही पांढरट माती ओढ्यापलीकडच्या पडीक रानातून यायची. तिच्यात गवत उगवत नसे, तिच्यातून पाणी उतरत नसे. पुंजाराम चिमूटभर जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अजून खाली खणा." त्याच्या माळवदाखाली वैशाखातही माणसं गाढ झोपायची.

मग पत्रे आले. "पत्रा म्हंजी तवा. त्याच्याखाली मान्सानं न्हाई, भाकरीनं ऱ्हावं," असं तो पारावर सांगायचा. काम तुटलं तरी सांगत राहिला. पत्र्याला त्यानं कधी हात लावला नाही. शेवटी त्याच्याच पोरानं, हरिओमनं, घराचं माळवद उतरवून पत्रे ठोकले, आणि म्हातारा त्या तव्याखाली आला.

कूलर दिवसरात्र घरघरायचा. त्याच्यासमोर हरिओम, सून शालू आणि नात छकुली. म्हातारा कोपऱ्यात भाजत पडायचा. एका उन्हाळ्यात विजेचं बिल हातात घेऊन हरिओम म्हणाला, "आबा, पुढल्या उन्हाळ्यात तुम्ही नंदाबाईकडं जा, शहागडला. इथं चौघांना कूलर पुरत न्हाई, अन् खर्च झेपत न्हाई."

नंदाबाई त्याची लेक. जावयाच्या दारात खाट टाकायची, या विचारानं पुंजारामच्या तोंडची चव गेली.

"मी कूलरच बंद करून दावतो," तो म्हणाला. "मंग तर राहू देशीन?"

"दावा की."

त्यानं आतून दांडे लावून पत्र्याला आधार दिला. वर तुराट्या अंथरल्या आणि त्यावर आपली खारी वीतभर थापली. पाठ मोडली, पण थापणं थांबलं नाही. त्या वर्षी भर दुपारी खोलीत शिरलेला माणूस गारव्यानं अंग चोरून उभा राहायचा. कूलर गोणपाटात गुंडाळून ठेवला गेला. शेजारचा लालमियाँ वेल्डिंगवाला आत येऊन म्हणाला, "पुंजाभाऊ, कबरीसारखं गार करून ठिवलं की!"

"तुला बी करून देतो, जितेपणीच," म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले. हरिओम पाहुण्यांना म्हणायचा, "आमच्या आबाचा हात हाये हा." शहागडचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात छकुलीच्या अंथरुणावर तांबडं पाणी ठिबकलं. हरिओम पाहायला वर चढला आणि त्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला. पत्र्यानं मांस उभं चिरलं. माती ओढून काढली तेव्हा खाली पत्र्याची चाळण झाली होती.

लालमियाँनं बोट घातलं, ते आरपार गेलं. "कोणची माती घातली?"

"खारी. दुसरी कोणची?"

"अरे, मीठ हाये ना तिच्यात! त्या रानात लोखंडी पाईप टिकत न्हाई. लाकडाला चालती ती. पत्र्याला बिलकुल न्हाई."

हरिओम पायाला फडकं आवळत बसला होता. "आबा, जल्मभर जिभेवर घेऊन पारखली ना? मंग एकदा बी खारट लागली न्हाई?"

 गावातल्या पोरांना म्हाताऱ्यासाठी नवं नाव मिळालं. तो दिसला की ओरडायची, "पत्राखाऊ आला, पत्रे झाका!"

हरिओमनं नवे पत्रे घातले. खालून थर्माकोल लावून घेतला, फटी बुजवल्या. कूलर तासभर लावला तरी खोली रात्रभर गार राहू लागली. बापाला मात्र त्यानं शहागडला धाडलं नाही. "लोक तोंडात शेण घालतील," तो म्हणाला. "इथंच ऱ्हायचं होतं ना? ऱ्हावा." सडलेले पत्रे कुणी भंगारातही घेईना. तेच त्यानं अंगणात चार लाकडी बल्ल्यांवर टाकले आणि खाली म्हाताऱ्याची खाट सरकवली.

चैत्र लागला. भोकांमधून उन्हाचे ठिपके खाटेवर उतरायचे आणि सूर्य कलेल तसे म्हाताऱ्याच्या छातीवरून, गळ्यावरून, डोळ्यांवर सरकायचे. पहिल्यांदा तो खाट हलवायचा. मग हलवेनासा झाला.

एका दुपारी शालू दारात आली.

"मामा, दार लावून घेते. गार हवा भाईर जाऊन राह्यली."

पुंजारामनं मान वळवून दाराकडं पाहिलं, खालून वरपर्यंत, कारागिरासारखं.

"लाव," तो म्हणाला. "अन् खालच्या फटीत गोणपाट सार. तिथून बी जाती."

शालूनं गोणपाट सारलं.