काहिलीजवळचं पोर
उसाच्या उकळत्या रसाचा वास आला, की मला अजूनही आधी भीती वाटते. कॉलेजात असताना वर्गातल्या एका मित्राला मी कराडजवळच्या आमच्या गावी गुऱ्हाळ दाखवायला नेलं होतं. तो आफ्रिकेतून शिकायला आलेला, उंचापुरा, काळाभोर. तेव्हा पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज घरोघरी फिरत होते. चुलवाणाच्या भट्टीत चिपाडं धडधडत होती, वरच्या काहिलीत, रसाच्या त्या अवाढव्य कढईत, पिवळा फेस वर येत होता, आणि कुणाचं तरी नुकतं चालायला लागलेलं पोर दुडुदुडु तिकडेच निघालं. माझ्याआधी ते मित्राला दिसलं. त्याने झेप घेऊन ते उचललं, पोराने भोकाड पसरलं, आणि शेजारच्या फडात ऊस तोडणारी माणसं हातातल्या कोयत्यांसकट धावत आली. "ए, सोड पोराला! कुठं घिऊन चाललाईस?" त्याला मराठी कळत नव्हती, तो घाबरून पोराला आणखीच छातीशी धरू लागला. मी मध्ये शिरून ओरडलो, "आवं, दोस्त हाय माझा! पोर काहिलीत पडत हुतं!" कुणी ऐकेना. शेवटी गूळ शिजवणारा म्हातारा गुळव्या पुढं आला. "खरं हाय त्येचं. म्या बघितलंय." कोयते खाली झाले. मग रीतीप्रमाणे त्याने उसाच्या कांडक्यावर गरम गूळ घेऊन मित्रापुढे धरला. "खा बाबा. गुऱ्हाळावरनं कोण तोंड गोड केल्याबिगर जात न्हाई." मित्राने तो घेतला, पण त्याची नजर कोयत्यांवरच होती, आणि गूळ मातीत पडला. ते पोर मी उचललं असतं, तर कुणी मान वळवूनही बघितलं नसतं. तो आता पुण्यात नोकरी करतो. रस्त्यात एखादं पोर धडपडलं, की आधी दोन्ही हात खिशात घालतो.