कोरडी गोधडी

गोधडी पिळायला दोन माणसं लागतात. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि उलट्या दिशेने पीळ देत जायचं. एकटीने पिळता येते असं म्हणणाऱ्याने ती कधी हातात धरलेली नसते. जुन्या नऊवारीच्या आत धोतरांचे थर, ते पाणी प्यायले की गोधडी उचलता उचलत नाही. मी लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हापासून दर पितृपक्षात आम्ही दोघी, मी आणि सासूबाई, हेच काम करत आलो. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, हा आमच्याकडचा नेमच. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही अक्काच म्हणायची.

त्या वर्षी मात्र धुणं रोजचंच होतं. संक्रांतीनंतर सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं आणि अंथरूण ओलं व्हायला लागलं. खाली मेणकापड, वर गोधडी. सकाळी अक्का ती ओढून काढायच्या, मागच्या दारी दगडावर टाकायच्या आणि मोगरीने बडव बडव बडवायच्या. बडवताना आबांना शिव्याही द्यायच्या, खोलीत ऐकू जातील अशा. आबा आतून अर्ध्या तोंडाने हसायचे. चाळीस-एक वर्षांचा संसार होता त्यांचा, त्यात हे चालायचं. मी फक्त पिळायला जायची.

मी आबांशी कधी समोरासमोर बोललेली नव्हते. डोक्यावर पदर, नजर खाली, चहाचा कप दारातून आत सरकवायचा, हीच रीत. जुनाट म्हणा, काही म्हणा. त्यांच्या खोलीत मी पाऊल टाकायची तेही ते झोपलेले असतील तेव्हा.

पितृपक्षात ते मोठं धुणं काढलं आणि नेमक्या त्याच दिवशी अक्का शेवाळावर घसरल्या. मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून घरी आल्या ते कपाळाला हात लावूनच, म्हणाल्या, आता यांचं कोण करील? कोण करील म्हणजे काय, मीच. नवरा एकदा गोधडी उचलून नळाकडे निघाला होता, तर अक्कांनी चांगल्या हाताने हिसकावून घेतली. पुरुष माणूस दगडावर बसलेला शेजारणींनी पाहिला तर काय म्हणतील? अहो, म्हणेनात का! पण माझं कोण ऐकतंय. बाई लावू म्हटलं, तर मुताच्या गोधड्या धुवायला बाई मिळते का कुठे?

मग मी धुवायला लागले. पिळायला दुसरं माणूस नाही म्हणून एक टोक खिडकीच्या गजाला बांधायची आणि दुसरं धरून मीच पीळ द्यायची. हात भरून यायचे. वैताग यायचा, खोटं कशाला सांगू. पण गोधडी काढायला जायची तेव्हा आबा भिंतीकडे तोंड करून डोळे गच्च मिटून घ्यायचे, ते बघून वैताग कुठल्या कुठे जायचा. झोपलेले नसायचे, पापण्या थरथरत असायच्या. मी घाईघाईने गोधडी ओढायची आणि पळायची. दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

घट बसले. आबा दरवर्षी नऊ दिवसांचा उपवास करत, यंदाही करीन म्हणाले. अक्का म्हणाल्या, आजारी माणसाला देवी माफ करते. तर त्यांनी मान हलवली. चहा नको, दूध नको. अर्धं केळं आणि ओठ ओले होतील एवढं पाणी. ऑक्टोबरची उन्हं, घरात पंखासुद्धा गरम वारा फेकत होता, आणि हा माणूस म्हणतो तहान नाही. अक्कांना केवढा अभिमान! येईल त्या बाईला सांगायच्या, अंथरुणाला खिळलेत पण देवीचं काही चुकू देत नाहीत.

आणि गोधडी कोरडी राहायला लागली.

पहिल्या दिवशी मी हात फिरवून पाहिलं, खरंच कोरडी. दुसऱ्या दिवशी काठाला थोडी ओल. नंतर तीही नाही. अक्कांनी घटापुढे नारळ फोडला. देवी पावली, म्हणाल्या, आता बोलणंही सुधारेल. नवऱ्याने पेढे आणले. मीही हात जोडले. दगड वाळला, मोगरी कोपऱ्यात उभी राहिली, आणि घरातली सगळी माणसं कधी नव्हे ती आनंदात होती.

सातव्या माळेला अक्का आबांचं तोंड पुसत होत्या. जीभ लाकडासारखी झाली होती, ओठांना भेगा. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. अक्कांनी वाटी तोंडाला लावली, त्यांनी दात आवळले. अक्का आधी रागावल्या, मग विनवायला लागल्या. मी दाराबाहेर पदर सावरत उभी होते. नवरा आत होता. मग आबा अडखळत, एकेक शब्द ओढत, त्या दोघांच्या अहिराणीत म्हणाले,

"सूनबाईनं मन्हं मूत धुवायचं?"

उपवास वगैरे काही नव्हता. अक्का धूत होत्या तोवर आबा पोटभर पाणी पीत होते. काम माझ्याकडे आलं त्या दिवसापासून ते कमी करत गेले. नवरात्र म्हणजे त्यांना सापडलेली आयती सबब. माझा असा संताप झाला की काय सांगू! कोणावर ते कळेना. आबांवर करता येईना, अक्कांवर करता येईना. त्या पदरावर केला. तो खाली टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या खाटेशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आबा, माझ्या वडिलांचं नसतं का धुतलं मी?" ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी यायला अंगात पाणी तर हवं.

नवऱ्याने सांगितलं, उद्यापासून मी धुणार, गल्ली बघू दे. अक्कांनी या वेळी त्याला अडवलं नाही. आबांनी मग वाटी सोडली नाही. चमच्या-चमच्याने प्यायले, पाणी, साखरपाणी, ताक. आम्हाला वाटलं, सुटलो.

डॉक्टर आले, त्यांनी पहिलं विचारलं की लघवी कधी झाली. कोणालाच सांगता येईना. कोरडी गोधडी दिसली की आम्ही हात जोडत होतो, मोजणार कोण? त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत लघवी व्हायला पाहिजे.

मग आम्ही वाट बघत बसलो. नवरा दगड धुऊन आला, बादली भरून ठेवली. उगाच, काहीतरी करायचं म्हणून. अक्का थोड्या थोड्या वेळाने चांगला हात आबांच्या खाली घालायच्या, तसाच बाहेर काढायच्या आणि त्याच्याकडे बघत राहायच्या. मी घटापुढे जाऊन बसले. लोक देवीला काय काय मागतात. मी म्हटलं, बाई, ती गोधडी ओली होऊ दे. रोज धुवीन, जन्मभर धुवीन, एकटी पिळीन.

उन्हं कलली. आत अक्कांनी पुन्हा हात घातला.

"कोरडी शे," त्या म्हणाल्या.