एका रांगेतले तीन खांब

ऐंशीचे दशक सरत आले होते. सिल्वासाहून खडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, करमाफीच्या लोभाने उगवलेल्या कारखान्यांच्या मध्ये आमचे वेध केंद्र होते. एक खोली, आणि काटकोनी त्रिकोणाच्या तीन टोकांना रोवलेले तीन लाकडी खांब. प्रत्येकावर एक एरियल. मी तिथला निरीक्षक. आम्ही आकाशात रेडिओचे संकेत सोडत असू. शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावर आपटून ते परतत. तो थर वाऱ्याबरोबर सरके, म्हणून परतलेला संकेत कधी ठळक, कधी क्षीण होई. ती क्षीणता आधी कोणत्या खांबावर आली आणि मागाहून कोणत्या, यावरून तिथल्या वाऱ्याचा वेग आणि दिशा निघे. त्यासाठी तीन खांब लागत, आणि ते त्रिकोणातच लागत.

तिसऱ्या खांबाच्या जागेवर शेजारच्या कारखान्याला भिंत हवी होती. मी लेखी हरकत घेतली. उत्तर म्हणून भर दुपारी कारखान्याचा ठेकेदार कुऱ्हाडवाले मजूर घेऊन आला. मी खांबाला पाठ लावून उभा राहिलो.

धुळ्याकडचा एक मजूर विनवू लागला, “काका, बाजूले व्हा ना. आम्हले सांगेल शे.”

“कोणी सांगितले? लेखी आदेश दाखव.”

“लेखी ने बिखी!” ठेकेदार हसला. “हवा मोजायची ना, साहेब? ऑफिसात पंखा लावून देतो, बसून मोजा.”

त्याने माझी गचांडी धरून मला बाजूला भिरकावले आणि पहिला घाव स्वतः घातला. खांब कोसळताना त्याला ताणून धरणारी तार सुटली आणि चाबकासारखी माझ्या गालावर बसली. गाल फाटला. पाठोपाठ खांब खांद्यावर आला आणि गळ्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. मजूर खांब उचलायला धावले. ठेकेदार तेवढा म्हणाला, “दोन तर राखले ने तुमच्यासाठी!”

मी फिर्याद दिली. खांब पुन्हा उभारून देण्याचा आदेश झाला, आणि ठेकेदाराने तो उभारलाही, रस्त्याच्या कडेला, उरलेल्या दोन खांबांच्या सरळ रांगेत. जुन्या खड्ड्यावर भिंत चढली. मामलतदार पाहणीला आले आणि त्यांनी बोटाने मोजले.

“तीन होते, तीन आहेत. आता काय राहिले?”

“त्रिकोण राहिला.”

“अहो, तुम्ही खांबाशी मतलब ठेवा ना!”

एका रांगेतून वाऱ्याची दिशा निघत नाही, हे मी त्यांना जमिनीवर काडीने आखून दाखवले. त्यांनी आखणीवर पाय ठेवून सही केली. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक पत्राला एकच उत्तर आले: प्रकरण निकाली.

फिर्यादीचे कोणी ऐकत नसेल, तर निदान आरोपीचा जबाब न्यायालयाला नोंदवावाच लागतो. मी बाजारातून कुऱ्हाड आणली. आदल्या दिवशी पोलीस ठाण्याला लेखी कळवले: उद्या सकाळी मी सरकारी मालमत्ता नष्ट करणार आहे, कृपया उपस्थित राहावे. गंमत पाहायला एक हवालदार आला.

खांदा नीट जुळला नव्हता. रस्त्याकडेच्या त्या खांबावरच्या प्रत्येक घावासरशी कळ डोक्यात जात होती आणि तिच्यामुळे पुढचा घाव अधिक जोराने बसत होता. खांब आडवा होत असताना ठेकेदाराने धावत येऊन माझे मनगट धरले. मी कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या बरगडीत घातला. तो मातीत बसला, तोंड उघडे, आत हवा जाईना.

“डोकं फिरलं का काका!” हवालदार ओरडला.

“पंचनामा करा,” मी म्हणालो. “आरोपी मी. खांबाची जागा मोजून लिहा.”

खटल्यात न्यायाधीशांनी विचारले, “स्वतःच्याच केंद्राचा खांब का तोडलात?” त्या एका प्रश्नासाठी मी सारे केले होते. मी उभ्याउभ्या त्रिकोण समजावला, आणि तो शब्दशः नोंदला गेला. मोजणीदार जागेवर गेला, जुना खड्डा भिंतीखाली सापडला, आणि भिंतीचा तेवढा भाग पाडून खांब तिथे रोवण्याचा आदेश निघाला. बरगडीबद्दल मला शिक्षा झाली. ती कायदेशीर होती, मी अपील केले नाही. खात्याने मला निलंबित केले.

त्यामुळे त्रिकोण पुन्हा उभा राहिल्यावर वाऱ्याचा पहिला वेध मी घेतला नाही. सहकारी घरी सांगायला आला. दारातूनच म्हणाला, “साहेब, ईशान्येकडून.”